उचल जुलैत, काम नोव्हेंबरात : बालाघाटावरच्या एका गावाचा रोजगार

(प्रकरण अभ्यास. गावाची आणि व्यक्तींची ओळख काढून टाकली आहे. गावातले आकडे पूर्णांकात आहेत.)

पार्श्वभूमी

गाव बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या माथ्यावर आहे. कुटुंबे ३१०, लोकसंख्या १,४८०. दर हंगामात गावातून १४० कोयते ऊसतोडीला जात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादमाच्या (कारखान्यासाठी मजूर जमवणाऱ्या मध्यस्थाच्या) वहीत त्याची किंमतही निम्मीच असते. जोड्या, त्यांच्यासोबत जाणारी लहान मुले आणि काही अविवाहित पोरे धरली, तर दसरा उलटल्यावर गाव १,०५० वर यायचे. मागे राहायचे म्हातारे, शाळकरी मुले आणि ओढ्याकाठी बागायत असलेली मोजकी घरे.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला २४२ होती आणि राज्याची ३६५. कागदावर पाहिले तर जमिनीवर माणसांचा भार कमी दिसतो. माथ्यावरच्या जमिनीला मात्र तेवढाही पेलवत नाही. बरड रानात मातीचा थर वीतभर, त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तोही मोजक्या मोठ्या सरींत येतो आणि उतारावरून वाहून जातो. मांजरा आणि सिंदफणा याच डोंगरात उगम पावतात, पण पाणी उगमापाशी थांबत नाही. जायकवाडीचा उजवा कालवा खालच्या अंगाने, गेवराई-माजलगावच्या काळ्या रानातून जातो. माथ्यावर तो चढणार नाही, हे गावातल्या शाळकरी पोरालाही कळते.

ऊस पिकतो त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पाणी आहे. तिथल्या स्थानिक माणसाला वर्षभर दुसरी कामे मिळतात, त्यामुळे थंडीत पहाटे उसाच्या फडात उतरायला तो तयार होत नाही. एका टोकाला पाणी आणि मजुरांची टंचाई, दुसऱ्या टोकाला मजूर आणि पाण्याची टंचाई, मधे मुकादम. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट पक्की झाली. त्याच दुष्काळातून राज्याची रोजगार हमी योजनाही उभी राहिली, हे या प्रकरणात ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

समस्या

२०२२ च्या पावसाळ्यात ग्रामपंचायत आणि महिला बचत गटांच्या ग्रामसंघाने मिळून एक समिती केली. उद्देश साधा होता : थंडीच्या पाच महिन्यांत गावातच काम द्यायचे, म्हणजे निदान शाळकरी मुलांची कुटुंबे जाणार नाहीत. काम नाही म्हणून लोक जातात, हे गृहीतक कोणी तपासले नाही.

तपासले ते पहिला प्रयत्न फसल्यावर, एप्रिल २०२३ मध्ये, टोळ्या परतल्यानंतर. शाळेच्या ओट्यावर खडूने बारा घरे आखली आणि एका खड्याला पाच दिवस असा हिशेब ठेवून तीन गटांना वेगवेगळे बसवले : माळावर जमीन असलेले, ओढ्याकाठचे आणि भूमिहीन. माळावरच्या गटाचे कामाचे दिवस वर्षाला जेमतेम ९५ ते १०० भरले. त्यातले ठळक असे : जून-जुलैत पेरणी-खुरपणीचे सुमारे ३८, ऑक्टोबरात सोयाबीन काढणीचे १५, जानेवारीत तुरीचे पाच-सहा, पुढे मे अखेरपर्यंत जवळजवळ कोरे. ओढ्याकाठच्या गटाला रब्बी ज्वारी आणि कांद्यामुळे २०० च्या वर दिवस मिळत होते. भूमिहीनांचे खडे या दोघांच्या मागेपुढे पडले.

इथपर्यंत गृहीतक बरोबरच वाटते. नंतर त्याच बारा घरांत दुसऱ्या रंगाचे खडे ठेवायला सांगितले : हातात पैसा कधी लागतो? ते खडे पडले मे, जून आणि जुलैच्या घरांत. एप्रिल-मेमधल्या लग्नांची उधारी, पेरणीचे बी-खत, शाळेची सुरुवात, पावसाआधी घराचे पत्रे. मुकादम उचल, म्हणजे हंगामाच्या कामापोटी आगाऊ रक्कम, वाटतो तो याच काळात, आणि जुलै अखेरपर्यंत बहुतेक कोयते बांधले जातात. २०२२ मध्ये गावातली सरासरी उचल कोयत्यामागे ९०,००० रुपये होती. कामाची पोकळी नोव्हेंबरात पडते, पैशाची पोकळी त्याच्या चार महिने आधी. माणूस गाव सोडतो ऑक्टोबरात, पण सोडायचे ठरते जुलैत.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

पहिल्या वर्षी समितीने रोजगार हमीतून गायरानावर सलग समतल चर आणि ओढ्याच्या माथ्याला दगडी बांध अशी कामे निवडली. निवड चुकीची नव्हती. अशा कामात जवळजवळ सगळा खर्च मजुरीवर होतो, त्यामुळे मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० चे प्रमाण सांभाळायला तालुक्यालाही ती आवडतात. गणित चुकले ते वेळेचे.

कामाची मागणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली, तीही तोंडी. नमुना ४ (मागणीचा अर्ज) भरून नमुना ५ ची तारखेसह पोच घेतली नाही, तर मागणी केल्याचा पुरावाच राहत नव्हता. मग १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्कही सांगता येत नव्हता. ई-मस्टर (कामाचे हजेरीपत्रक) निघाले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. कामावर आले ३८ जण : साठीच्या आसपासचे पुरुष आणि एकट्या राहिलेल्या बाया. ज्यांच्यासाठी काम काढले ते तोवर फडावर कोप्या (झोपड्या) बांधून बसले होते.

या ३८ जणांचेही हाल झाले. त्या वर्षी मजुरीचा दर दिवसाला २५६ रुपये होता, हातात पडले १४० ते १६५. रोजगार हमीची मजुरी हजेरीवर मिळते असा समज गावात होता. प्रत्यक्षात ती मोजमापावर मिळते. चर ०.६० मीटर रुंद आणि ०.३० मीटर खोल, म्हणजे दहा मीटर खोदले की १.८ घनमीटर. या खोदाईचा दर थर कोणता यावर ठरतो : माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, खडक. वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये माती होती, खाली कठीण मुरूम. अंदाजपत्रकात पूर्ण खोली मऊ मुरूम धरली होती. पहार मारून हात सोलले आणि वहीत काम निम्मेच दिसले. मजुरांचे वय हे दुसरे कारण. दराचे कोष्टक धडधाकट माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते, आणि गावात धडधाकट माणूस उरलाच नव्हता.

त्यात १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. गायरानाच्या मागच्या उतारावर रेंज नव्हती. तीन दिवसांची हजेरी चढलीच नाही. पैसे खात्यात यायला पाच आठवडे लागले. फेब्रुवारीत मस्टरवर १४ नावे उरली आणि काम थांबले.

मुलांच्या बाबतीतही तेच घडले. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावात ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने नोव्हेंबरात पाठवला, मंजुरी डिसेंबरात आली. मुले ऑक्टोबरातच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती.

विचारात घेतलेले पर्याय

एप्रिल २०२३ च्या बैठकीत पाच वाटा मांडल्या गेल्या.

पहिली : थंडीतलीच कामे वाढवायची. दोन सदस्यांचा आग्रह होता की यंदा मस्टर १ ऑक्टोबरला काढले तर लोक थांबतील. कोयत्याचा हिशेब फळ्यावर मांडल्यावर हा आग्रह मावळला. जोडी दिवसाला सरासरी अडीच टन तोडते. १२० दिवसांत ३०० टन, टनाला २७३ रुपयांनी सुमारे ८२,००० रुपये, शिवाय वाढ्यांची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) सुटी विक्री. त्यातून कोपीवरचे खाणे, दवाखाना आणि खाड्याचा (गैरहजेरीचा) दंड जातो. तरीही गावातल्या खोदाईतून पाच महिन्यांत एवढी रक्कम निघत नाही. केंद्राचा निधी त्या वेळी कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांचाच होता. त्यापुढचे दिवस राज्याच्या हमीत बसत, पण ते काढून घ्यायला तालुक्याला खेपा घालाव्या लागत.

दुसरी : तुती लागवड. बीडमध्ये रेशीम रुजलेले आहे आणि त्या वेळी तुतीच्या मजुरीला रोजगार हमीतून तीन वर्षे पैसे मिळत. मात्र ठिबकला निदान मार्चपर्यंत पुरेल एवढे पाणी हवे. गावात अशा विहिरी ११.

तिसरी : आईबाप जातील, मुले राहतील. यात स्थलांतर थांबत नाही, म्हणून समितीतल्या काहींना ही हार वाटली. ग्रामसंघातल्या बायांना तसे वाटले नाही.

चौथी : तालुक्याच्या गावी शिवणकाम किंवा पॅकिंग. अंतर २२ किलोमीटर, एसटीच्या फेऱ्या दोन, शेवटची परतीची फेरी साडेचारला. हा विषय पाच मिनिटांत संपला.

पाचवी वाट बैठकीत सर्वांत उशिरा आणि काहीशी चाचरत मांडली गेली : उचलच कमी करायची. लोक गावात असतात तेव्हा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जोरात काम काढायचे, त्याची मजुरी पेरणीआधी हातात द्यायची आणि उरलेली गरज बचत गटाच्या कर्जातून भागवायची. उचल घेतलीच नाही तर नोव्हेंबरात थांबायचे की जायचे, हे कुटुंबाला ठरवता येईल. उचल घेतली असेल तर ठरवणे संपलेले असते.

समितीने पाचवी वाट मुख्य धरली, तिसरी तिच्या जोडीला आणि दुसरी पाणी असलेल्यांपुरती. पहिली लहान प्रमाणात चालू ठेवली. निर्णय योग्य होता असे आजही दिसते, मात्र त्याची किंमत नोव्हेंबरात मोजावी लागली. ते पुढे येते.

काय केले

आधी १४० कोयत्यांची यादी. प्रत्येक घरी तीनच प्रश्न : मागची बाकी किती, मुकादम तोच आहे का, मुले कोणाजवळ राहतील. बाकी म्हणजे हंगामात न फिटलेली उचल. ती पुढच्या वर्षावर चढते आणि माणूस त्याच मुकादमाशी बांधलेला राहतो. ११४ कोयत्यांवर कमीजास्त बाकी होती. उरलेल्या २६ कुटुंबांचे खाते कोरे होते. थांबवण्याचा प्रयत्न याच २६ वर करायचा, बाकीच्यांच्या बाबतीत उचल घटवायची आणि मुले ठेवून घ्यायची, अशी विभागणी झाली. सगळ्यांना सारखे आवाहन करण्याचा मोह टाळला, ही या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट.

खोदाई ३० एप्रिलला सुरू झाली. मागणी लेखी, पोच प्रत्येकाच्या हातात. काम सुरू होण्याआधी दर शंभर मीटरवर चाचणी खड्डा घेतला. तांत्रिक सहाय्यकासमोर थर मोजले आणि कठीण मुरमाची खोली मोजमाप पुस्तिकेत वेगळी लिहून घेतली. गट आठ ते दहा जणांचे केले, प्रत्येक गटात तरुण आणि वयस्क मिसळून. सकाळी फक्कीने दिवसाचे माप आखायचे, संध्याकाळी गटातल्याच एकाने टेप लावायची. त्यामुळे आठवडा संपायच्या आधीच कोणाचे काम कमी पडते आहे ते कळू लागले. हजेरीचे फोटो रेंज येते त्या टेकाडावर घ्यायचे ठरले, चालायला सात मिनिटे जास्त. पाच वर्षांखालची मुले आणणाऱ्या बायांसाठी चिंचेखाली पाळणाघर केले. ते बायांची संख्या वाढण्याचे मोठे कारण ठरले.

पाच आठवड्यांत सरासरी १६५ माणसे कामावर राहिली. २०२३-२४ चा दर २७३ रुपये, हातात सरासरी २३८ पडले. जोडीने प्रत्येकी २७ दिवस काम केले असेल तर घरात सुमारे १२,८०० रुपये आले. शेवटच्या मस्टरचे पैसे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जमा झाले. त्या वर्षी मोसमी पाऊस लांबला होता आणि पेरण्या जूनच्या शेवटापर्यंत खोळंबल्या होत्या, म्हणून पैसे पेरणीआधी पोचले. पाऊस वेळेवर आला असता तर उशीर झाला असता. दोन एकर सोयाबीनचे ६० किलो बियाणे आणि १,३५० रुपयांप्रमाणे डीएपी खताच्या दोन गोण्या यांची सोय या मजुरीत झाली.

बचत गटांची बँक जोडणी आधीपासून होती. तीन लाखांपर्यंतच्या गटकर्जाला वर्षाला ७ टक्के व्याज होते. गटांनी जून-जुलैत २६ कुटुंबांना प्रत्येकी २०,००० ते ३०,००० रुपये दिले. परतफेड सोयाबीन विकल्यावर एक मोठा हप्ता आणि पुढे लहान हप्ते अशी लावली. दरमहा सारख्या हप्त्याचा ठराविक तक्ता इथे चालला नसता, कारण ऑगस्टात माळावरच्या घरात पैसा येतच नाही.

वसतिगृहाचे सर्वेक्षण ऑगस्टात केले. मुले रात्री आजीआजोबांकडे झोपतील आणि दोन वेळचे जेवण, अभ्यास शाळेत होईल अशी व्यवस्था ठरली.

परिणाम

ऑगस्ट २०२३ कोरडा गेला. सोयाबीन फुलोऱ्यात वाळले, एकरी दीड-दोन क्विंटलवर आले आणि कर्जाचा मोठा हप्ता निम्म्या घरांकडून आला नाही. खणलेल्या चरांत पाणी साठण्याइतका पाऊसच झाला नाही.

तरीही २६ पैकी २२ कुटुंबे ऑक्टोबरात थांबली. बाकी असलेल्यांपैकी ३१ घरांनी उचल आदल्या वर्षीपेक्षा १५ ते २० हजारांनी कमी घेतली. सोबत जाणाऱ्या १०४ मुलांपैकी ६१ गावात राहिली.

नोव्हेंबरात मात्र मे महिन्यातल्या कामाची दुसरी बाजू समोर आली. जोडीचे प्रत्येकी २७ दिवस म्हणजे कुटुंबाच्या जॉब कार्डावरचे ५४ दिवस खर्ची पडले होते. शंभरातले ४६ उरले, म्हणजे जोडीला २३ दिवस. ते डिसेंबरातच संपले. राज्याच्या हमीतले पुढचे दिवस मिळायला फेब्रुवारी उजाडला.

जानेवारी २०२४ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. १ तारखेपासून मजुरी आधार आधारित पद्धतीनेच देण्याची सक्ती आली आणि नऊ बायांचे पैसे अडकले. जॉब कार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. दुरुस्तीला दोन महिने लागले. त्याच महिन्यात ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, म्हणजे टनाला २७३ चे सुमारे ३६६ झाले. तीनशे टनांवर हा फरक जवळजवळ २८,००० रुपयांचा. थांबलेल्या २२ पैकी चार घरांतले पुरुष अर्धा कोयता म्हणून निघून गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, हिशेब त्यांचा बरोबर होता.

तुती तीन घरांनी लावली. एकाची विहीर फेब्रुवारीत आटली. उरलेल्या दोघांनी जानेवारीपासून मार्चपर्यंत दोन-दोन बॅच काढल्या. पहिल्या बॅचला १०० अंडीपुंजांमागे (रेशीमकिड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यांमागे) ४८ किलो कोष आले. चांगल्या बॅचला ६०-७० येतात. एप्रिलपासून पत्र्याच्या शेडमध्ये उष्णता आवरेना म्हणून थांबवले.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्याच्या कामाचे दिवस सगळ्या कुटुंबांना सारखे वाटले, ही चूक होती. जी ११४ कुटुंबे जाणारच होती त्यांनी शंभर दिवस मे-जूनमध्ये संपवले तरी चालत होते. थांबणाऱ्या २६ कुटुंबांना मेमध्ये तीस दिवसांवर रोखून गटकर्ज वाढवून दिले असते, तर त्यांच्याकडे थंडीसाठी सत्तर दिवस उरले असते. यादी एप्रिलातच हातात होती. विभागणी उचलीपुरती केली, जॉब कार्डापर्यंत नेली नाही.

शंभरापुढच्या दिवसांची मागणी दिवस संपण्याची वाट न पाहता ऑक्टोबरात लेखी द्यायला हवी होती. आधार आणि जॉब कार्डावरची नावे जुळवण्याचे काम पावसाळ्यात, ग्रामरोजगार सेवकाला वेळ असताना, दोन दिवसांत झाले असते.

कर्जाच्या परतफेडीला सोयाबीनचा आधार देणे बरड रानात धोक्याचे होते. एकाच पावसावर पीक, मजुरी आणि हप्ता तिन्ही टांगले गेले. शेळ्यांच्या विक्रीला जोडलेला हप्ता इथे जास्त तग धरतो, कारण चारा कमी पडला तरी बोकड बाजारात जातो.

वसतिगृहाने पहिली ते आठवीची मुले धरली. नववी-दहावीच्या ११ मुलींसाठी त्यात जागा नव्हती. सात आजीकडे राहिल्या, चार आईबापांबरोबर फडावर गेल्या. जोडी म्हणजे कोयता असा हिशेब असलेल्या व्यवसायात सोळा वर्षांची मुलगी शाळेबाहेर पडली की स्थळ चालून यायला वेळ लागत नाही. त्या चौघींपैकी दोघींची लग्ने मे २०२४ पर्यंत ठरली होती. या ११ मुलींच्या जेवणाचा खर्च ग्रामसंघाला झेपण्यासारखा होता. तो विषय ऑगस्टच्या बैठकीत निघाला आणि निधी कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा यावर अडला. २०२४ च्या यादीत समितीने पहिले नाव या गटाचे घातले आणि कोयत्यांची यादी त्याच्या खाली घेतली.